करार वाचावा तो दुचाकीवर बसून

वाहनविम्याच्या नूतनीकरणाचा अर्ज भरताना शेवटच्या पानाच्या आसपास एक लहान चौकोन येतो आणि त्याच्यापुढे लिहिलेले असते, 'रस्त्यावरील साहाय्य हवे आहे का?', म्हणजे गाडी बंद पडली तर मदतीला माणूस पाठवण्याची सेवा. मूळ हप्त्याच्या मानाने तिची रक्कम इतकी किरकोळ असते की बहुतेक जण फारसा विचार न करता तिथे खूण करून मोकळे होतात, आणि उरलेले तितक्याच सहजपणे तो चौकोन कोरा सोडतात. माझ्याकडे एक मोटार आहे आणि एक मोटारसायकल. त्यामुळे हा चौकोन दर वर्षी दोनदा समोर येतो आणि दोन्ही वेळा त्यामागचा मजकूर जवळजवळ शब्दशः तोच असतो. मला खटकतो तो हा सारखेपणा. मोटार बंद पडणे आणि मोटारसायकल बंद पडणे या घटना कागदावर सारख्या दिसल्या तरी त्यांत अडकलेल्या माणसाची अवस्था सारखी नसते. मोटार डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या करारात 'मोटार' खोडून 'वाहन' घातल्याने तो करार दुचाकीच्या कामाचा होत नाही. म्हणून मी दोन्ही गाड्यांसाठीचे करार आधी दुचाकीस्वाराच्या नजरेने वाचतो. त्या वाचनात जो टिकतो तो मोटारीला सहसा पुरतो. उलटे मात्र क्वचित घडते.

गंमत अशी की या सेवेची मुळे बऱ्याच अंशी दुचाकीतच आहेत. जर्मनीतील एडीएसी ही आज प्रचंड मोठी असलेली मोटारसंघटना १९०३ मध्ये श्टुटगार्ट येथे स्थापन झाली ती मोटारसायकलस्वारांची संघटना म्हणून. आजचे नाव तिला १९११ मध्ये मिळाले. नेदरलँड्समधील एएनडब्ल्यूबी ही संघटना तर १८८३ मध्ये सायकलस्वारांसाठी निघाली होती, आणि १९४६ मध्ये तिने बंद पडलेल्या वाहनांसाठी गस्तसेवा सुरू केली तेव्हा तिची माणसे मोटारसायकलींवरूनच फिरत. ब्रिटनमधील ऑटोमोबाइल असोसिएशनचा १९०५ मधील मूळ हेतू काहीसा खट्याळच होता: वेग मोजण्यासाठी पोलिसांनी लावलेल्या सापळ्यांची सभासदांना आगाऊ सूचना देणे. तिचे गस्तवाले आधी सायकलवरून आणि पुढे साइडकार, म्हणजे बाजूला एकचाकी डबा, जोडलेल्या मोटारसायकलवरून हिंडत. साइडकारमध्ये हत्यारांची पेटी मावत असे, बंद पडलेली मोटार मावत नसे. त्यामुळे जागेवर दुरुस्ती करणे हीच त्या माणसाची मुख्य सेवा होती. आज जागेवर दुरुस्ती करणे आणि वाहन उचलून नेणे ही दोन स्वतंत्र कलमे झाली आहेत, आणि स्वस्त करारात दुसऱ्या कलमाला अंतराची कात्री लागलेली असते. करार हाती आला की ही दोन कलमे वेगळी काढून वाचण्याने निम्मे काम होते.

आधी दुरुस्तीचे पाहू. लोक अशा सेवेचा विचार करतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर घाटातला अंधार, मुसळधार पाऊस आणि इंजिनातून निघणारा धूर असतो. प्रत्यक्षात मदतीसाठी येणाऱ्या दूरध्वनींमागे बहुतेक वेळा बॅटरी असते. एडीएसीच्या अलीकडच्या वार्षिक आकडेवारीत तिला सापडलेल्या बिघाडांपैकी ४० टक्क्यांहून अधिक बिघाड बॅटरीचे आहेत. बॅटरी उतरते ती बहुधा गाडी उभी असताना, आणि गाडी सर्वांत जास्त वेळ उभी असते ती आपल्या दारात. ग्यानबाची मेख आहे ती इथेच. अनेक मूलभूत करार घराच्या परिसरात लागूच होत नाहीत. ब्रिटनमधील कितीतरी करारांत घरापासून पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०० मीटरच्या आत गाडी अडली तर ती सेवा वेगळी विकत घ्यावी लागते. म्हणजे ज्या बिघाडाची शक्यता सर्वाधिक, तो ज्या ठिकाणी होण्याची शक्यता सर्वाधिक, नेमके तेच ठिकाण वगळलेले. विक्रेत्याच्या दृष्टीने हे चोख आहे. ग्राहकाने मात्र पहिला प्रश्न हाच विचारावा की माझ्या दारात उभी असलेली गाडी सुरू करायला तुमचा माणूस येईल का.

दुचाकीच्या बाबतीत हा प्रश्न आणखी नाजूक होतो. मोटारीच्या बॅटरीची क्षमता, म्हणजे तिच्यात मावणारी वीज, साधारण ३५ ते ७० अँपिअर-तास असते, तर बहुतेक मोटारसायकलींची ४ ते १४ च्या दरम्यान. एवढ्याशा साठ्यावर चोरीचा इशारा देणारे यंत्र किंवा गाडीचा ठावठिकाणा सांगणारे उपकरण अखंड चालू असेल, तर काही आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीचा बटन स्टार्ट नुसता 'टक्' असा आवाज करतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना किक होती, आणि किक नसली तरी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, धावत धक्का देऊन त्या सुरू करता येत. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पुढे ढकलणारा पंपच विजेवर चालतो. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर उतारावरून कितीही पळवा, काही उपयोग होत नाही. त्यातून शेजारच्या मोटारीवरून केबल जोडायची म्हटली, तर दुचाकीची बॅटरी सीटखाली किंवा टाकीखाली अशी दडवलेली असते की तिच्यापर्यंत पोहोचायलाच पाना आणि पेचकस लागतो. जाणकार मेकॅनिक अशा वेळी मोटारीचे इंजिन बंद ठेवूनच केबल जोडतात.

मदतीला आलेला माणूस कसा काम करतो, हे एकदा जवळून पाहण्यासारखे असते. चांगला माणूस केबलला हात घालण्याआधी खिशातून व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर काढतो. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी विश्रांतीत असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते; आकडा १२ च्या खाली असेल तर तिच्यात जवळजवळ काही उरलेले नाही. तो गाडी सुरू करून देतो, पण तिथे थांबत नाही. इंजिन चालू असताना पुन्हा मीटर लावतो, किंचित रेस द्यायला सांगतो आणि आकडा १४ च्या आसपास चढतो का ते बघतो. चढला, तर चार्जिंग ठीक आहे आणि प्रश्न फक्त बॅटरीचा आहे. आकडा १२.३ वरच घुटमळत राहिला, तर बॅटरी भरणारी यंत्रणाच, म्हणजे मोटारीत अल्टरनेटर आणि मोटारसायकलीत बहुधा रेग्युलेटर-रेक्टिफायर किंवा स्टेटर, गेलेली असते. मग ही सुरू झालेली गाडी म्हणजे घटकाभराचा दिलासा. थोड्या अंतरावर ती पुन्हा बंद पडणारच. हे तपासणारा आणि न तपासता 'झाले सुरू, सही करा' म्हणणारा यांतला फरक करारातल्या एका कलमाशी थेट जोडलेला आहे. ठरावीक दिवसांत त्याच बिघाडासाठी पुन्हा बोलावले तर सेवा नाकारण्याची किंवा वेगळे पैसे आकारण्याची मुभा अनेक कंपन्यांनी स्वतःकडे ठेवलेली असते. दोन मिनिटांचे मोजमाप टाळणाऱ्या माणसामुळे दुसऱ्यांदा अडकलेला ग्राहक 'पुन्हा तोच बिघाड' या सदरात जातो. म्हणून कामाच्या पावतीवर बिघाडाचे नेमके कारण लिहून घ्यावे; नुसते 'वाहन सुरू केले' एवढ्यावर सही करू नये.

पंक्चरचे कलम तर मोटारीचा करार दुचाकीला कसा तोकडा पडतो याचा उत्तम नमुना आहे. 'आमचा प्रतिनिधी आपले अतिरिक्त चाक बसवून देईल,' असे त्यात लिहिलेले असते. मोटारसायकलीला स्टेपनी नसते. म्हणजे हे वाक्य दुचाकीच्या मालकाला काहीच देत नाही, आणि पुढच्याच ओळीत टायरच्या दुरुस्तीचा खर्च वगळलेला असतो. टायर ट्यूबलेस असेल आणि खिळा मधल्या भागात असेल तर रबरी वळी भरून पाच-दहा मिनिटांत काम होते. पण तारांच्या चाकात ट्यूब असेल तर चाक उतरवावे लागते, आणि मधला स्टँड नसलेली गाडी रस्त्याच्या कडेला उचलून धरायची कशी, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. अशा गाडीच्या मालकाने करारात पंक्चर झाल्यास वाहन उचलून नेण्याची तरतूद आहे का, एवढेच पाहावे. मोटारवाल्यांनीही फार निश्चिंत राहू नये. बऱ्याच नव्या मोटारींत स्टेपनीच्या जागी छोटा हवेचा पंप आणि द्रवाची बाटली येते. टायरची बाजू फाटली असेल तर त्या बाटलीचा उपयोग नाही. काही मोटारींत अरुंद तात्पुरते चाक असते आणि त्यावर सहसा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. आपल्या डिकीत नेमके काय आहे, हे करार घेण्यापूर्वी उघडून पाहिलेले बरे.

आता उचलून नेण्याकडे वळतो, कारण माझ्या मते करार निवडायचा तो या कलमावर. मोटारीच्या बाबतीत वाहन कोणत्या प्रकारचे येईल हे महत्त्वाचे. पुढची किंवा मागची दोन चाके उचलून ओढणारी क्रेन साध्या गिअरच्या मोटारीला चालू शकते; चारही चाकांना शक्ती देणाऱ्या, बऱ्याच ऑटोमॅटिक आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींना मात्र सपाट पाठीचा ट्रक, ज्याला सगळे फ्लॅटबेड म्हणतात, तोच लागतो. विजेच्या मोटारीत चाके फिरली की मोटरही फिरते आणि वीज तयार होऊ लागते, त्यामुळे ती ओढत नेणे धोक्याचे असते. दूरध्वनीवर ही माहिती आपण होऊन द्यावी लागते. समोरची व्यक्ती विचारेलच याचा भरवसा नसतो.

मोटारसायकलीला फ्लॅटबेड आला म्हणजे सगळे झाले, असेही नाही. एकदा माझ्या मोटारसायकलीसाठी आलेल्या ट्रकमध्ये मोटारी बांधायचे जाड हुक आणि साखळ्या तेवढ्या होत्या, कारण नोंद करणाऱ्याने 'वाहन' एवढेच लिहून घेतले होते. चालक मात्र जाणता निघाला. पुढचे चाक धरून ठेवणारा साचा नसल्याने त्याने चाक ट्रकच्या पुढच्या कडेला टेकवले, हँडलच्या दोन्ही मुठींना पट्टे बांधायची माझी सूचना मान हलवून नाकारली आणि हँडलच्या खाली, पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन नळ्यांना एकत्र धरणाऱ्या जाड कंसाभोवती मऊ पट्ट्याचे फास घातले. मग दोन्ही बाजूंचे पट्टे आळीपाळीने, एकेक दात, घट्ट करत नेले. पुढचे शॉकअप निम्मे दबले तसा तो थांबला. त्याहून जास्त ताण दिला तर नळ्यांमधले तेलाचे सील दुखावते, असे त्याचे म्हणणे, आणि ते बरोबर आहे. गाडी दोन चाकांवर सरळ उभी झाल्यावर त्याने साइड स्टँड वर घेतला, कारण स्टँडवर कललेली गाडी खड्ड्यात उसळली की पट्टा सैल होतो आणि ती आडवी येते. पट्टा टाकीला घासत होता तिथे त्याने आपल्या गळ्यातला पंचा घडी करून खाली सरकवला. हे कसब कोणत्याही करारात लिहिलेले नसते. पण दुचाकी नेण्याचे साहित्य असलेले वाहन पाठवले जाईल आणि वाहतुकीत झालेल्या नुकसानीची जबाबदारी कंपनीची राहील, या दोन गोष्टी लिहिलेल्या असू शकतात, आणि त्या असाव्यात.

गाडी चढली, पुढे माणसांचे काय? मोटार बंद पडली तरी ती निदान छप्पर असलेली खोली असते: सामान आत कुलूपबंद राहते, फोन चार्ज करता येतो, लहान मूल मागच्या सीटवर झोपू शकते. वेगवान रस्त्यावर मात्र आत बसून राहू नये. रहदारीच्या विरुद्ध बाजूने उतरून कठड्याच्या पलीकडे उभे राहावे, असाच सल्ला दिला जातो. दुचाकीस्वार पहिल्या क्षणापासून बाहेरच असतो. दोघे जण असतील तर दोन हेल्मेटे, दोन जाड जाकिटे, मागच्या पेट्या, आणि ट्रकच्या केबिनमध्ये चालकाशेजारी कदाचित एकच मोकळी जागा. 'वाहन आणि त्यातील प्रवासी' या शब्दांत मागे बसलेली व्यक्ती धरली आहे का, दोघांनाही पुढे नेण्याची सोय आहे का, हे स्पष्ट करून घ्यायला हवे. मोठ्या करारांत बदली वाहन देण्याचे आश्वासन असते. ते वाहन म्हणजे बहुतेक वेळा मोटार, आणि ती मिळण्यासाठी मोटारीचा परवाना, किमान वय आणि ठेवीसाठी क्रेडिट कार्ड लागते. ज्याच्याकडे फक्त दुचाकीचा परवाना आहे, त्याच्याकडून या सोयीचा हप्ता घेतला जातो, सोय मात्र दुसऱ्याच कोणाला मिळते. त्यापेक्षा टॅक्सीचे किंवा रात्रीच्या मुक्कामाचे पैसे देणारा साधा पर्याय दुचाकीस्वाराला कितीतरी पटीने उपयोगी.

ही सेवा देणारे तरी कोण असतात? विमा कंपनी ती मूळ पॉलिसीला जोडून देते. वाहन बनवणारी कंपनी नव्या गाडीबरोबर काही वर्षे देते. काही बँका खात्याबरोबर किंवा कार्डाबरोबर देतात. आणि मोटारसंघटना किंवा स्वतंत्र कंपन्या ती थेट विकतात. विम्याला जोडलेली सेवा सहसा स्वस्त, पण विमा कंपनी बदलली की तीही जाते, आणि हे आयत्या वेळीच लक्षात येते. उत्पादकाची सेवा गाडी 'जवळच्या अधिकृत केंद्रात' नेते. मोटारीची केंद्रे दाट असली तर प्रश्न नाही, पण एखाद्या कमी खपाच्या मोटारसायकलीचे जवळचे केंद्र आपल्या घराच्या नेमके विरुद्ध दिशेला असू शकते. आपल्याला हव्या त्या ठिकाणी नेण्याचा हक्क देणारा करार त्यामुळे थोडा महाग असला तरी वेगळ्या जातीचा ठरतो. एकच सेवा दोन ठिकाणांहून घेतल्याने दोन ट्रक येत नाहीत, तेव्हा नवीन करार घेण्यापूर्वी जुन्या कागदांत ती आधीच दडलेली नाही ना, हे बघावे. काही कराराधीन सेवांमध्ये तर कोणीही येत नाही: आपणच ट्रक शोधायचा, पैसे द्यायचे, पावत्या लावायच्या आणि भरपाईची वाट पाहायची. दिवसा, ओळखीच्या भागात हे चालून जाते. रात्री एकट्या दुचाकीस्वाराच्या हातात पावती मागण्याचा हक्क ठेवणे ही माझ्या मते थट्टा आहे, मग हप्ता कितीही कमी असो.

ज्याच्याकडे दोन्ही प्रकारची वाहने आहेत, त्याच्यासाठी करार वाहनाचा की व्यक्तीचा, हा निवडीचा खरा गाभा आहे. वाहनाचा करार त्या गाडीबरोबर राहतो, चालवणारा कोणीही असो. व्यक्तीचा करार माणसाबरोबर फिरतो. तो आज मोटारीत असेल, उद्या मोटारसायकलीवर, परवा मित्राच्या गाडीत, तरी त्याला मदत मिळते. एकाच माणसाला दोन गाड्या एकाच वेळी चालवता येत नाहीत, त्यामुळे वरकरणी व्यक्तीचा करार हाच शहाणपणाचा व्यवहार वाटतो, आणि एकट्या माणसासाठी तो तसा असतोही. पण आपण मोटारसायकल घेऊन बाहेर पडलेले असताना मोटार घरातले दुसरे कोणी नेत असेल, तर ती मोटार त्या काळापुरती उघड्यावर पडते. शिवाय व्यक्तीच्या करारात दुचाकी धरलेली आहे का, हे गृहीत धरू नये. काही करारांत ती वगळलेली असते, तर काहींत वाहनाच्या वयाची मर्यादा असते, आणि जुनी मोटारसायकल जपणाऱ्यांची गाडी ती मर्यादा केव्हाच ओलांडून गेलेली असते.

अपवादांची यादी लांबलचक असते, पण तिच्यातले बरेचसे रास्त आहे. अपघात हा विम्याचा विषय, आणि शर्यतीत भाग घेणाऱ्याने वेगळी सोय करावी, यात वाद नाही. मी थबकतो ते दोन-तीन ठिकाणी. डिझेलच्या मोटारीत चुकून पेट्रोल भरले गेले, तर इंजिन सुरू न करता टाकी रिकामी करून घेणे हा योग्य मार्ग. त्याचा खर्च कोण देणार? चावी आत राहिली किंवा हरवली, तर गाडी उघडून देतील की नुसती उचलून नेतील? आणि दुचाकीवरून घरपोच माल पोहोचवण्याचे काम करणाऱ्यांसाठी एक कलम जीवघेणे असते: व्यावसायिक वापर वगळला असल्यास, ज्या कामात गाडी सर्वाधिक राबते त्याच कामात तिला संरक्षण नाही. करार घेतल्यानंतरचे पहिले काही तास किंवा दिवस सेवा मिळत नाही हे कलमही सर्रास आढळते, आणि त्याबद्दल मी कंपन्यांना दोष देत नाही. तहान लागल्यावर विहीर खोदणारे ग्राहक त्यांनाही ठाऊक असतातच.

करार घेण्याआधी मदतीचा क्रमांक एकदा फिरवून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. विक्रीचा क्रमांक लगेच उचलला जातो. मदतीचा किती वेळाने उचलला जातो ते महत्त्वाचे. 'मोटारसायकल आहे, तारांची चाके आहेत, मागे एक जण बसलेला आहे, आता काय करणार?' असा सरळ प्रश्न विचारला की समोरच्याला हे काम माहीत आहे की तो पडद्यावरचा मजकूर वाचतो आहे, ते दोन वाक्यांत कळते. मिळालेले उत्तर ईमेलवर लेखी मागावे. त्यावर जे हात वर करतात, त्यांचा करार घेऊ नये.

या सगळ्या वाचनानंतर मी दोन गाड्यांसाठी दोन वेगळ्या गोष्टी विकत घेतल्या. मोटार बहुतेक जवळपासच फिरते आणि घरातले सगळे ती चालवतात; तिच्यासाठी विम्याला जोडलेला, वाहनाचा, घराच्या दारातही लागू होणारा आणि फ्लॅटबेडची हमी देणारा करार घेतला, आणि लांब अंतराची सोय मुद्दाम सोडून दिली. मोटारसायकल मी एकटाच नेतो आणि ती लांब नेतो. तिच्यासाठी स्वतंत्र कंपनीचा महागडा करार घेतला, ज्यात जागेवरच्या दुरुस्तीची आश्वासने तोकडी आहेत, पण गाडी मी सांगेन त्या गावापर्यंत पोहोचवण्याची, पंक्चर असले तरी उचलून नेण्याची आणि दोघांच्या पुढच्या प्रवासाची जबाबदारी स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे. मागच्या पेट्यांमधल्या सामानाबद्दल मात्र त्यात एक शब्दही नाही. त्याविषयी मी कंपनीला लेखी विचारले आहे, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी दुसरीकडे चौकशी करीन, असे त्याच पत्रात कळवलेही आहे.